चाकावरची चार बोटं

“पायरी उंच झालीया काय गं हिची?”

आक्कांचा एक पाय लाकडी स्टुलावर होता, दुसरा अजून हॉस्पिटलच्या फरशीवर. दोन्ही हातांनी त्यांनी माझं मनगट धरलं होतं. छातीपासून कमरेपर्यंत पट्टा आवळलेला, त्यामुळे वाकता येत नव्हतं. मान न हलवता नुसते डोळे खाली करून त्या गाडीच्या पायरीकडे बघत होत्या.

“उंच कशी होईल आक्का?” त्यांचा मुलगा, यशोधनदादा, पलीकडून म्हणाले. “जुने टायर परत बसवलेत, म्हणून वाटतंय तसं. होय का नाही गं रेणू?”

“हो,” मी म्हणाले.

त्या दिवसातलं हे माझं दुसरं ‘हो’. पहिलं सकाळी अण्णांना म्हणून झालं होतं.

थोरातांच्या आक्का तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि पाठीचा मणका पिचला. मिरजेत ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू घातले, एकोणीस दिवस अंथरुणावर काढले. आता घरी न्यायचं होतं. डॉक्टर म्हणत होते, ॲम्ब्युलन्समधून आडवं न्या. आक्कांनी साफ नकार दिला.

“आडवी होऊन गावात शिरायला मी मेलीया व्हय? बसून जाणार. गाव बघंल मला बसल्याली.”

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. पण दादांना बाजूला घेऊन त्यांनी जे बजावलं, ते दादांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं, “हाडं ठिसूळ आहेत. एक जरी जोराचा धक्का बसला तर स्क्रू सुटेल. सुटला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि या वयात मी पुन्हा उघडणार नाही. समजलं ना?”

म्हणून दोन दिवस आधी ती गाडी आमच्याकडे आली होती.

सांगलीत माधवनगर रस्त्याला अण्णांचं गॅरेज होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. इंजिनाला ते हात लावत नसत. “आमच्याकडं फक्त गाडीचे पाय बघतात,” असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. चाकं, टायर, स्प्रिंगा, शॉकप. दादांची गाडी परदेशी बनावटीची, काळीभोर, आतून एखाद्या दिवाणखान्यासारखी. पण हौसेनं दादांनी तिला बावीस इंची रिमं चढवली होती आणि त्यावर टायर असे, की कडेला जेमतेम तीन बोटं रबर. दिसायला देखणी, पण एवढ्या किमतीची गाडी साध्या खड्ड्याला दात वाजवायची.

“टायरची भिंत उंच असली की अर्धा धक्का तिथंच मरतो,” अण्णांनी त्यांना सांगितलं. “उरलेला स्प्रिंग खाते. तिच्यातून सुटला तो माणूस खातो. तुम्ही काय केलंय, भिंतच पाडून टाकलीय. कंपनीची मूळ चाकं आहेत ना घरात? ती आणा. मागचे-पुढचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरंही गेलीत, ती नवी घालू. मग आक्कांना गादीवरून नेल्यासारखं न्या.”

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसायचे, गाडीखाली जायला पंधरा दिवस बंदी. म्हणून काम सगळं मी केलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि अण्णांच्या हाताखाली सहा वर्षं काढली होती.

दादा जाताना म्हणाले होते, “अण्णा, पोरीच्या हाती देताय?”

“माझ्या डोळ्यांपेक्षा तिचे चांगले आहेत,” अण्णा म्हणाले.

मी मागच्या सीटवर आक्कांच्या शेजारी बसले. गाडी मिरजेत पोचवायला मी गेले होते, तिथून दादांनीच मला बरोबर घेतलं होतं. घरात सूनबाई खाटेची तयारी करत होत्या, आणि आक्कांजवळ बाईमाणूस हवं होतं. माझ्या पायाशी पान्यांची पिशवी. काम केलेल्या गाडीतून पहिल्यांदा जाताना आपला पाना आपल्याबरोबर न्यायचा, ही अण्णांची रीत.

मिरज ते सांगली रस्ता गुळगुळीत. आक्का खिडकीतून बघत होत्या. “ऊस किती वाढला गं,” म्हणाल्या. दादांनी आरशातून बघितलं. मी हसले.

सांगली सोडल्यावर पहिला गतिरोधक आला. दादांनी गाडी अगदी रांगवली. पुढची चाकं अलगद चढली, अलगद उतरली. आणि मग मागून धप्प.

आक्कांचा श्वास अडकला. माझ्या मनगटावर त्यांची बोटं रुतली.

“काय झालं?” दादा.

“काय न्हाई. चल तू.”

दुसरा गतिरोधक. पुन्हा तेच. पुढून मऊ, मागून धप्प.

“रेणू, ही गादी आहे होय तुमची?” दादांचा आवाज चढला.

“टायरमध्ये हवा जास्त असेल,” मी म्हणाले. “टायर चढवताना रबर रिमवर बसावं म्हणून जादा भरतात. आष्ट्याला थांबवा, बघते.”

आष्ट्याच्या अलीकडे झाडाखाली गाडी थांबली. मी मीटर लावलं. पुढे तेहतीस पौंड, मागे चव्वेचाळीस. मला सुटल्यासारखं झालं. एवढंच होतं तर! मागच्या दोन्ही चाकांतली हवा मी तेहतीसवर आणली.

“झालं?”

“झालं.”

आणि खरोखरच फरक पडला. रस्त्यावरची खडी, बारीक खळगे आता टायर गिळत होता. आक्कांनी डोळे मिटले. मीही पाठ टेकली. इस्लामपूर मागं पडलं. मग एका पुलाच्या तोंडाशी रस्ता आणि पूल यांच्यामध्ये बोटभर उंचवटा होता, तो दादांना दिसला नाही.

धप्प.

“आई गं,” आक्का म्हणाल्या. एवढ्या हळू, की दादांना ऐकू गेलं नसावं. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

मी ऐकत राहिले. सहा वर्षांत कान तयार होतात. टायरचा धक्का कोरडा असतो, टकटक वाजतो. स्प्रिंगचा धक्का झुलतो. हा दोन्ही नव्हता.

“मागल्या चाकास्नी कुणीतरी धरून ठेवलंय वाटतंय,” आक्का डोळे न उघडता म्हणाल्या. “चिखलात बैल पाय रवून ऱ्हातो का न्हाई, तसं. मागनं रेटलं तरी हलंना.”

हॉस्पिटलच्या दारातला त्यांचा प्रश्न मला आठवला. पायरी उंच झालीया काय गं हिची?

पेठ नाक्याच्या पुढे फाट्यावर दादा थांबले. इथून उजवीकडे त्यांच्या कुसळेवाडीचा रस्ता. नऊ किलोमीटर. पाण्याची पाइपलाइन टाकायला सगळा खोदून ठेवलेला, वर नुसता मुरूम आणि दगड. दादा खाली उतरून रस्त्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

मी उतरले. पुढच्या चाकापाशी गेले. चाक आणि वरच्या पत्र्याची कमान यांच्यामध्ये आडवी बोटं घातली. चार. या गाडीला चारच असतात. गाडी आली तेव्हाही मीच मोजली होती, पुढे-मागे चार-चार. टायर बदलले तरी ही जागा बदलायचं कारण नाही, कारण चाकाची एकूण उंची तेवढीच होती, फक्त लोखंड कमी आणि रबर जास्त.

मागच्या चाकापाशी गेले. चार बोटं गेली. अंगठाही गेला.

दुसऱ्या बाजूला गेले. अंगठाही गेला.

तशीच हात घालून मी उभी राहिले.

गाडी लिफ्टवर उचलली की चाकं खाली लोंबतात, आणि चाकाला धरून ठेवणारे लोखंडी हातही लोंबतात. त्या हातांच्या सांध्यात रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट लटकत्या गाडीत कधी घट्ट करायचे नाहीत. नुसते लावून ठेवायचे. गाडी खाली घ्यायची, चाकं टेकली, वजन पायांवर आलं, की मग आवळायचे. लटकत असताना आवळले तर रबर तीच जागा धरून बसतं. गाडी खाली आली की ते पिळवटतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि खड्डा आला की चाकाला हलू देत नाही. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. टेकवून आवळ.

पुढचे मी टेकवूनच आवळले होते. मागचे बसवले तेव्हा संध्याकाळ झाली. गाडी रात्रभर लिफ्टवरच राहणार होती. सैल बोल्टांवर सोडून जायला जीव धजेना. म्हणून आवळून टाकले. सकाळी सैल करून, खाली घेऊन, पुन्हा आवळू. सकाळी चाकं बसवत होते तोवर दादांचा फोन आला की दुपारी दोनला नाही, दहालाच सोडतायत. मी चाकं कसली, गाडी खाली घेतली, चावी लावली.

“टेकवून आवळलेस ना?” अण्णांनी खुर्चीतून विचारलं होतं.

“हो अण्णा.”

“तांब्या?”

तांब्या ही अण्णांची परीक्षा. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसायचं आणि रेल्वे फाटकापर्यंत जाऊन यायचं. पँट किती भिजली यावर काम पास का नापास.

“वेळ नाही अण्णा. वाटेत बघते.”

खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंही नव्हतं. मनात ठरवलेलं होतं, ते केलंय असं तोंडानं सांगून टाकलं.

“चल बस,” दादा म्हणाले. “पहिल्या गिअरमध्ये नेतो. जाऊ सावकाश.”

सावकाश गेलो तर निभावेलही, असं मला वाटलं. खरंच वाटलं. नऊ किलोमीटर तर आहेत. उद्या गाडी परत मागवून घेता येईल, कुणाला कळणार नाही. मी दाराला हात लावला. काचेतून आक्का दिसल्या. ताठ बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरलेली. पुढच्या धक्क्याची वाट बघत होत्या.

“दादा, असं नेता येणार नाही.”

“का?”

“मागचे बोल्ट चुकीचे आवळलेत.”

“कुणी?”

“मी.”

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं.

“म्हणजे? काल केलंस ना काम? आणि आता भर रस्त्यात सांगतीस? आई आहे माझी आत! एक स्क्रू हलला असता तर काय केलं असतंस? हां? तुझ्या बापाला म्हणालो होतो मी, पोरीच्या हाती देऊ नका. म्हणालो होतो का नाही?”

“म्हणाला होतात.”

“मग?”

“चूक अण्णांची नाही. त्यांना मी सांगितलं की नीट केलंय.”

दादांनी रागानं पाठ फिरवली, खिशातून मोबाइल काढला. “ॲम्ब्युलन्स बोलावतो. बस झाला शहाणपणा.”

“कुणी बोलवायची न्हाई,” आतून आवाज आला. काच अर्धी उघडी होती. “यशू, फोन ठेव. रेणू, हिकडं ये. तुला ते हितं नीट करता येतंय?”

“येतं.”

“मग मला उतराय लागंल?”

“नाही. तुम्ही बसलेल्याच हव्यात. वजन असतानाच ते आवळायचं असतं.”

“मग झालं की. बसलेली हायच मी. मला कुठं बाजाराला जायाचंय?”

“पण आक्का...” मला सांगणं भाग होतं. “बोल्ट सैल केला की गाडी मागून खाली बसणार. अंगठाभर. एकदम बसली तर तोच एक धक्का होईल.”

दादा माझ्याकडे बघत राहिले. आक्काही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत धडधडत गेला.

“मग एकदम बसू देऊ नगंस,” आक्का म्हणाल्या.

दादांनी चारी चाकांना दगड लावले. मग आत जाऊन आईच्या खांद्यांना दोन्ही हातांनी धरून बसले. मी ओढणी कमरेला बांधली, पाना आणि लोखंडी नळी घेतली, आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. खाली मुरूम तापलेला. वर, दीड हातावर, आक्का.

“डावा बोल्ट धरतेय आक्का. काही वाटलं तर लगेच बोला.”

“बोलंन की. गप बसायचा माझा सोभावच न्हाई. इचार यशूला.”

पाना बसवला, नळी अडकवली, जोर लावला. हलेना. पुन्हा लावला. हलला, आणि मी लगेच धरला. पाव फेरा. रबर कुरकुरलं, एखादं जुनं दार उघडावं तसं.

“कळलं?”

“न्हाई.”

पाव फेरा. कुरकुर. जोर लावायला नव्हे, जोर अडवायला जास्त ताकद लागत होती.

“रेणू,” वरून आवाज आला. “बापाला ठावं हाय व्हय हे?”

“नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले.”

मी पाना पुन्हा बसवला. मग, “मीबी सुनंला व्हय म्हणाले हुते. गोठ्यात जाणार न्हाई म्हणून.”

“आक्का!” दादांचा आवाज. “तू तर म्हणालीस मांजर आडवं गेलं!”

“मांजर हुतंच. गोठ्यात.”

घामानं डोळे चुरचुरत होते तरी मला हसू फुटलं. पाव फेरा. डावीकडचं रबर सावकाश वळलं आणि सुटं झालं. डावी बाजू दबत गेली, पिठावर हात ठेवल्यासारखी.

उजवा बोल्ट मात्र अडला. पहिल्या फेऱ्याला हलेना, दुसऱ्यालाही नाही. पाय चाकाला लावून मी सगळं अंग नळीवर टाकलं. आणि तो सुटला. माझ्या हातून धरला जायच्या आत अर्धा फेरा फिरला. ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि वरचं सगळं लोखंड माझ्या तोंडाकडे आलं, बोटभर.

“आक्का?”

काही नाही.

“आक्का! दादा, काय झालं?”

दादाही बोलेनात. मला वरचं काही दिसत नव्हतं. दिसत होता फक्त चिखल वाळलेला पत्रा आणि माझा स्वतःचा हात, पान्यावर गोठलेला. आयुष्यात एवढं लांब काही वाटलेलं नाही. बाळंतपणाची रात्रसुद्धा नाही.

“हाय मी,” आक्का म्हणाल्या. “जरा दम घेतला. बसली बघ तुझी गाडी. आता हिच्यात जीव आल्यावाणी वाटतंय.”

मी तिथंच पडल्या पडल्या दोन्ही बोल्ट आवळले. आवळून झाल्यावर पुन्हा पाना लावून बघितले. मग तिसऱ्यांदा बघितले. बाहेर येऊन चाकावर बोटं घातली. चार. दुसऱ्या बाजूला चार.

“तांब्या आहे का गाडीत?” मी विचारलं.

हॉस्पिटलात नेलेला स्टीलचा तांब्या होता. का हवा ते सांगितल्यावर आक्कांनी तो माझ्याकडं दिला नाही. “वजन माझं, पाठ माझी, मग तांब्याबी माझ्याकडंच ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या, आणि काठोकाठ भरून मांडीवर धरला. त्या नऊ किलोमीटरना पाऊण तास लागला. दादा एकेक दगड चुकवत होते, तरी सगळे कुठं चुकतायत. गाडी डुलायची, हेलकावायची, पण धप्प कुठं झालं नाही. मी रस्त्याकडे बघितलंच नाही. मी पाण्याकडे बघत होते. ते काठाशी यायचं, थांबायचं, परत जायचं.

गावात शिरताना देवळापाशी बायका उभ्या होत्या. आक्कांना मान वळवता येत नव्हती. त्यांनी काचेतून एक हात वर केला आणि तसाच घरापर्यंत धरला.

दारात दादांनी स्टूल ठेवलं. आक्कांनी पाय खाली सोडला, चाचपडला, टेकला.

“आता बरोबर हाय पायरी,” त्या म्हणाल्या. लुगड्यावर तळहाताएवढा ओला डाग होता.

दादांनी मला फाट्यावर एसटीला आणून सोडलं. उतरताना एवढंच म्हणाले, “पुन्हा गाडी तुमच्याकडं आणीन का नाही, सांगू शकत नाही मी.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गॅरेजवर पोचले तेव्हा अण्णा शटरपाशी खुर्ची टाकून बसले होते. माझ्या पाठीवरचा मुरूम त्यांना दिसला नसेल, वास आला असेल.

“तांब्या सांडला का?”

“तळहाताएवढा.”

“मग पास.”

“अण्णा, सकाळी मी खोटं बोलले.”

सगळं सांगितलं. पाव पाव फेरा, कट्ट, सगळं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रागावतील म्हणून मी उभीच होते.

“माझंही चुकलंच,” ते म्हणाले. “‘आवळलेस ना?’ असं विचारलं. त्याला काय, हो म्हणूनच उत्तर येतं. ‘कसे आवळलेस?’ असं विचारायला पाहिजे होतं.” मग जरा वेळानं, “आता तूच विचारत जा. मी काय जन्मभर खुर्ची टाकून बसणार आहे?”

दिवाळीच्या आधी काळी गाडी आली. मागे आक्का होत्या, पट्टा नव्हता. दादांनी चावी अण्णांकडे न देता माझ्या हातात दिली आणि चहा आणायला निघून गेले.

याला आता अकरा वर्षं झाली. अण्णा जाऊन तीन. गॅरेज चालू आहे. काल ह्यांनी घरात लेकीसाठी झोळी बांधली, वर छताच्या कडीला स्प्रिंग लावून. आम्ही एखाद्या गाडीतून काढलेली नाही हं, बाजारात मिळते ती. पाच महिन्यांची आहे. अंगावर प्यायली की पेंगायला लागते.

“गाठ नीट बसलीय ना?” ह्यांनी बाहेरून चप्पल घालता घालता विचारलं.

मी उठून झोळीपाशी गेले. रिकाम्या झोळीची गाठ सोडली. लेकीला आत ठेवलं, एका हातानं तिचा भार धरला आणि सोडत गेले, पाव पाव. झोळी खाली आली, थांबली. मग गाठ आवळली. गुडघ्यावर बसून झोळी आणि फरशीच्या मध्ये हात घातला, बोटं आडवी करून.

“अगं, बसलीय ना?” पुन्हा आवाज आला.

“थांबा,” मी म्हणाले. “बघते.”